साखरमळ्याच्या वाड्यातील पंगत

१

वाडे, गढ्या आणि राजवाडे यांचा इतिहास सांगताना आपण बहुधा सदरेपासून आरंभ करतो आणि देवघरापाशी थांबतो. मुदपाकखान्याकडे आपले पाऊल क्वचितच वळते. पंगतीला कोण कोण बसले होते, कोणाचे पान कोणाच्या उजव्या हाताला मांडले होते, याची वर्णने आपल्या जुन्या कागदपत्रांत भरपूर आहेत. परंतु त्या पानातील भात कोणी पिकविला, पाणी कोणी शेंदले आणि पंगत उठल्यावर चुलीपाशी बसणाऱ्यांच्या वाट्याला काय आले, हे शोधावयाचे तर खर्चाच्या यादीतील एखादी ओळ, एखादा वहीवरचा आकडा यांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणजे पंगतीचा इतिहास आपल्यापाशी आहे. अन्नाचा इतिहास मात्र अपुरा आहे.

या अपुरेपणाची जाणीव ज्या ठिकाणी फार तीव्रतेने होते, असे एक ठिकाण मराठी वाचकाच्या समोर ठेवावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उष्ण कटिबंधातील ज्या ज्या देशांत युरोपीय लोकांनी ऊस, कॉफी, कापूस यांचे विस्तीर्ण मळे वसविले, तेथे मळ्याच्या मध्यभागी मालकाचा प्रशस्त वाडा उभा राहिला. आज त्यांतील अनेक वाड्यांत उत्तम भोजनगृहे चालतात. पाहुणा दुतर्फा झाडी असलेल्या रस्त्याने आत येतो, ओसरीवर किंवा जुन्या दिवाणखान्यात बसतो, आणि त्याच्यापुढे ‘परंपरागत’ म्हणून मांडलेले जेवण येते. मॉरिशस बेटावरील अशा वाड्यांचा विचार आपण येथे करणार आहोत. त्याचे कारण उघड आहे. त्या बेटावरच्या मळ्यांत राबलेल्या माणसांत रत्नागिरी आणि सातारा या बाजूंची मराठी माणसेही होती, आणि त्यांचे वंशज आजही तेथे आपल्याला मराठी म्हणवितात. त्या वाड्यातले ताट म्हणूनच आपल्याला सर्वस्वी परके नाही.

२

मॉरिशस हे मुळात निर्मनुष्य बेट. डच लोकांनी १५९८ साली त्याला आपल्या राजपुत्राचे नाव दिले आणि १६३९ साली जावा बेटातून ऊस आणून तेथे लावला. डच १७१० साली निघून गेले. १७१५ पासून बेट फ्रेंचांकडे आले. १७३५ साली गव्हर्नर म्हणून आलेल्या माए द ला बूर्दोने याने पोर्ट लुई हे बंदर बांधले आणि विलबाग येथे साखरेचा कारखाना उभारला. हाच तो ला बूर्दोने, ज्याने १७४६ साली इंग्रजांकडून मद्रास घेतले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे नाव त्या संदर्भात येते. साखरेच्या संदर्भात येत नाही.

१८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले आणि १८१४ च्या पॅरिसच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. फ्रेंच मळेवाल्यांच्या जमिनी, त्यांची भाषा आणि त्यांचे कायदे मात्र इंग्रजांनी तसेच राहू दिले. राज्य इंग्रजांचे, वाडा फ्रेंचांचा, अशी ही विलक्षण व्यवस्था होती. १८२५ साली इंग्लंडने मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी केली, आणि तेव्हापासून बेटाचे भवितव्य ठरून गेले. डोंगर आणि वस्ती सोडून जेथे जेथे माती होती तेथे तेथे ऊस आला. तांदूळ बाहेरून आणावयाचा आणि साखर बाहेर पाठवावयाची, हा बेटाचा अर्थव्यवहार झाला.

हा ऊस आरंभी आफ्रिका आणि मादागास्कर येथून आणलेले गुलाम तोडीत होते. १८३५ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेस मॉरिशसमध्ये गुलामगिरी रद्द झाली. तेव्हा गुलामांची संख्या साठ हजारांहून अधिक होती. ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली. ती मळेवाल्यांना दिली; ज्यांचे आयुष्य हिरावले गेले होते, त्यांना नव्हे. मुक्त झालेल्या माणसांना आणखी काही वर्षे ‘उमेदवार’ या नावाखाली त्याच मालकाकडे काम करावे लागले आणि १८३९ साली तेही बंधन सुटताच त्यांनी मळ्यांकडे पाठ फिरविली. उसाला माणसे हवी होती, आणि ती हिंदुस्थानात होती.

३

१८३४ च्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेस ‘ॲटलस’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून निघालेले ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढील पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून अधिक हिंदी माणसे त्या बेटावर आली. त्यांतील सुमारे एक तृतीयांश परत गेली. बाकीची तेथेच राहिली किंवा तेथेच मेली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही त्यांच्या निघण्याची बंदरे होत. तिन्हींत मुंबईचा वाटा लहान होता. तथापि त्यातूनच मॉरिशसचा मराठी समाज निर्माण झाला.

या मजुराला जो करार करावा लागे त्याला इंग्रजीत ‘ॲग्रिमेंट’ म्हणत. त्या शब्दाचा मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाला. आमच्या सीमाभागात गिरमिट म्हटले की चुरमुऱ्यांचा एक चटकदार पदार्थ मुलांना आठवतो. तेव्हा वर्गात हा शब्द आला की आधी हसू फुटते आणि मग अर्थ सांगावा लागतो. अर्थ असा की पाच वर्षे एका मळ्यावर काम करावयाचे, महिना पाच रुपयांच्या आसपास वेतन घ्यावयाचे, आणि त्याशिवाय तांदूळ, डाळ, मीठ, थोडे तेल किंवा तूप व वर्षाकाठी काही कपडे मिळावयाचे.

आता ज्या वाड्यांत आज पंगती बसतात त्यांच्याकडे वळू. बेटाच्या उत्तर भागात मापू या गावाजवळ लाबूर्दोने नावाचा एक सुंदर वाडा आहे. गव्हर्नरचे नाव धारण करणारा हा वाडा ख्रिश्चन वीहे या मळेवाल्याने १८५६ ते १८५९ या काळात बांधला. दुमजली, सागवानाचा, चहूबाजूंनी ओसऱ्या असलेला हा वाडा दुरुस्त करून २०१० साली लोकांना खुला करण्यात आला. वाड्याच्या आवारात भोजनगृह आहे, भोवती आंब्यांच्या व इतर फळझाडांच्या बागा आहेत. मोका येथील ‘युरेका’ हा वाडा त्याहून जुना, १८३० च्या सुमाराचा. १८५६ साली तो युजेन ल क्लेझिओ याने विकत घेतला. शंभराहून अधिक दारे असलेले हे घर १९८६ पासून संग्रहालय आहे आणि तेथेही पाहुण्यांना बेटावरचे जेवण वाढले जाते.

हे सन वाचकांनी नीट पाहावेत. १८५६ साली एक वाडा विकत घेतला जातो आणि दुसऱ्याचा पाया घातला जातो. या दशकातच मॉरिशसची साखर वर्षाला लाख टनांच्या पलीकडे गेली होती. लाबूर्दोनेचा वाडा पुरा झाला ते १८५९ हे साल हिंदी मजुरांच्या आवकीचे सर्वांत मोठे साल आहे. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानात जी वाताहत झाली तिच्या पाठोपाठ आलेल्या या एका वर्षात चाळीस हजारांहून अधिक माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. वाड्याची कौले चढत होती त्याच महिन्यांत धक्क्याच्या दगडी पायऱ्या ही माणसे चढत होती. या दोन घटना एकमेकींपासून वेगळ्या नाहीत. एकीचा खर्च दुसरीने भागविला. वाड्याचे सौंदर्य खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याचा हिशेब मात्र दोन वह्यांत लिहिलेला आहे, आणि पाहुण्याच्या हाती बहुधा एकच वही दिली जाते.

४

दुसरी वही कोणती? ती सुदैवाने शिल्लक आहे. प्रत्येक उतरणाऱ्या मजुराला एक क्रमांक दिला जाई. त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, अंगावरची खूण, ज्या मळ्यावर पाठविले त्याचे नाव, हे सर्व नोंदले जाई. १८६० नंतरच्या दशकात छायाचित्रे घेण्यास आरंभ झाला. ही दप्तरे आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. भारत आणि मॉरिशस या देशांच्या सहकार्याने १९७० साली स्थापन झालेल्या या संस्थेत मराठीचेही अध्यापन होते. ‘युरेका’ वाडाही मोक्यातच आहे. म्हणजे एकाच गावात एकीकडे वाड्याचे भोजनगृह आहे आणि दुसरीकडे त्या भोजनाची किंमत मोजणाऱ्यांच्या नावांची दप्तरे आहेत. ज्याला मॉरिशसचा इतिहास समजून घ्यावयाचा आहे त्याने एकाच दिवसात दोन्ही ठिकाणी जावे.

करारातील शिध्याचे कलम कागदावर स्वच्छ होते. व्यवहारात मात्र त्या कलमावर दुसरे एक कलम स्वार झाले होते. एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचे वेतन कापावयाचे, याला ‘दुहेरी कपात’ असे नाव होते. आजारी पडलेला माणूस बरा होईपर्यंत कर्जदार होई. महिन्याचे वेतन महिनोन् महिने थकविले जाई. पाच वर्षे पुरी झाल्यावरही सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने अशा जुन्या मजुराला स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. तो न दाखविता आल्यास भटक्या म्हणून पकडून तुरुंगात टाकीत. हेतू एवढाच की त्याने पुन्हा मळ्याचा करार करावा.

या जुलमाविरुद्ध १८७१ साली एक अर्ज निघाला. अडॉल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका युरोपीय गृहस्थाने तो लिहिला आणि ९,४०१ हिंदी मजुरांनी त्यावर आपल्या सह्या आणि निशाण्या केल्या. हा गृहस्थ स्वतः एका मळ्याचा कारभार पाहत होता. त्याने आपल्या वर्गाच्या विरुद्ध साक्ष दिली म्हणून मळेवाल्यांनी त्याला बेटाबाहेर घालवावे अशी मागणी केली, आणि भर रस्त्यात त्याच्यावर हल्लाही झाला. परंतु अर्ज लंडनपर्यंत पोहोचला. १८७२ साली राजकीय चौकशी मंडळ आले. त्याच्या दोन सदस्यांपैकी एक, विल्यम एडवर्ड फ्रियर, हा मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेत आयुष्य घालविलेला अधिकारी होता. मंडळाचा अहवाल १८७५ साली प्रसिद्ध झाला आणि त्याने अर्जातील तक्रारींना मोठ्या प्रमाणात दुजोरा दिला. १८७८ साली मजुरांचा नवा कायदा झाला. १८७५ हेच वर्ष पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्याचे वर्ष आहे. दख्खनमधील कुणब्याला आणि मॉरिशसमधील मजुराला एकाच काळी कागदाची भीती वाटत होती, ही गोष्ट आमच्या मते नोंद घेण्याजोगी आहे.

मालकाच्या बाजूनेही लेखणी चालली होती. बेटाच्या दक्षिणेस बेल ओंब्र येथे चार्ल्स टेल्फेअर या निसर्गशास्त्रज्ञाचा मळा होता. आपल्या मळ्यावरील गुलामांना चांगल्या रीतीने वागविले जाते, हे जगाला पटवून देण्यासाठी त्याने १८३० साली एक पुस्तकच प्रसिद्ध केले. इंग्लंडमधील गुलामगिरीच्या विरोधकांना ते पटले नाही. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ‘मी यांना पोटभर खाऊ घालतो’ हे सांगण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्याच्या मनात त्या अन्नाविषयी शंका उत्पन्न झालेली असते. बेल ओंब्रचा साखर कारखाना १९९९ साली बंद पडला. तेथील जुना वाडा आज बेटावरील नामांकित भोजनगृहांत गणला जातो.

५

आता प्रत्यक्ष ताटाकडे येऊ. या वाड्यांतून आज जे ‘क्रिओल’ जेवण मिळते, ते मालकांच्या पूर्वजांनी फ्रान्सहून आणले असे कोणी समजेल तर त्याची निराशा होईल. चमचे, काचसामान आणि पदार्थ एकामागून एक आणण्याची रीत फ्रेंच आहे. पदार्थांची नावे मात्र निराळीच हकीकत सांगतात.

‘आशार’ म्हणजे आपले अचार. ‘सातिनी’ म्हणजे चटणी. ‘फाराता’ म्हणजे पराठा. ‘कोतोमिली’ हे तमिळ कोत्तमल्लीचे, म्हणजे आपल्या कोथिंबिरीचे रूप. ‘कारिपुले’ हा तमिळ नावाने तेथे पोहोचलेला कढीलिंब. ‘दालपुरी’ या भोजपुरी मुलखातून गेलेल्या पदार्थाने तर सबंध बेट जिंकले आहे. हरभऱ्याच्या डाळीचे वाटण भरलेली ती पातळ पोळी पाहून मराठी माणसाला पुरणपोळीची आठवण होते. फरक इतकाच की तीत गूळ नाही. ‘विंदाय’ या मोहरी-हळदीच्या माशाचे नाव पोर्तुगीजांच्या ज्या मद्य-लसणीच्या प्रकारावरून आले, त्याच प्रकारावरून गोव्याचे विंदालू आले. एक बहीण मांडवीच्या काठी राहिली आणि दुसरी हिंदी महासागर ओलांडून गेली. वांग्याला तेथे ‘ब्रेंजेल’ म्हणतात. हा शब्द भारतातून इराण, अरबस्तान आणि पोर्तुगाल असा फेरा करून पुन्हा हिंदी माणसांच्याच चुलीवर येऊन बसला आहे. अळूच्या पानांची भाजी, दोडका, पडवळ, कारले हे सर्व त्या स्वयंपाकात आहे. आणि या साऱ्यांच्या जोडीला आफ्रिका व मादागास्करहून आलेल्या गुलामांनी घडविलेली चव व भाषा आहे. ज्या क्रिओल भाषेत ही नावे उच्चारली जातात, ती भाषाही त्यांनीच घडविलेली आहे.

अशा भोजनात एक मानाचा पदार्थ असतो. तो म्हणजे ताडवर्गातील एका झाडाच्या शेंड्याच्या कोवळ्या गाभ्याची कोशिंबीर. तिला लक्षाधीशाची कोशिंबीर असे म्हणण्याचा प्रघात आहे. कारण एका लहानशा वाडग्यासाठी कित्येक वर्षे वाढविलेले संपूर्ण झाड तोडावे लागते. तो वाडगा सोडला तर ताटातील बहुतेक सर्व पदार्थ गरिबाच्या चुलीवरचे आहेत. टोमॅटोचा रसा, सुकवलेली मासळी, पालेभाजी, डाळ, लोणचे, भात. थोड्याशा शिध्यात पोट भरावे आणि तोंडाला चवही यावी म्हणून झोपडीतल्या बायकांनी जे शोधून काढले, तेच आज पांढऱ्या चादरीवर मांडले जाते. त्याला वाड्याची परंपरा म्हणणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होय. वाड्याच्या मुदपाकखान्यात ज्यांचे हात राबले, त्यांनी आपल्या घरची चव मालकाच्या मेजावर हळूहळू चढविली. करारपत्रे आणि कायदे यांनी त्यांना जे दिले नाही, ते त्यांनी या मार्गाने मिळविले. मालकाच्या नातवंडांच्या जिभेला त्यांनी आपली चव लावली.

या नावांत तमिळ आणि भोजपुरी यांचा वाटा मोठा आहे, कारण माणसांतही तो मोठा होता. मराठी माणसाची खूण मॉरिशसमध्ये मेजवानीच्या यादीपेक्षा घरच्या सणात अधिक टिकली. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. मराठी घरांत गणपती बसतो, झाकरी नावाचे गाणे व नाच चालतो. ही झाकरी कोकणातील जाखडीची वंशज आहे. मराठी शाळेत शिकविली जाते. घरी मात्र बहुतेकांची बोली क्रिओल झाली आहे. भाषा गेली तरी सण राहिला, हे समाधान आहे. परंतु सण राहिला म्हणून भाषा राहील, असे मानून स्वस्थ बसणे साहित्य परिषदांना शोभणारे नाही.

६

मळ्यांचे वाडे भोजनगृहे का झाले, याचेही उत्तर साखरेतच आहे. १९७५ च्या लोमे करारान्वये युरोपीय देश मॉरिशसची साखर ठरावीक चढ्या भावाने घेत असत. २००६ पासून तो भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरविण्यात आला आणि २००९ साली ती व्यवस्थाच संपली. त्याआधीपासूनच लहान कारखाने मिटू लागले होते. बो प्लाँ येथील कारखानाही बेल ओंब्रप्रमाणे १९९९ साली बंद झाला, आणि २००२ साली त्याच इमारतीत साखरेचे संग्रहालय उघडले. त्याच्या शेजारी भोजनगृह आहे. त्याला क्रिओलमध्ये उसाच्या रसाचे जे नाव आहे तेच, ‘फांगूरँ’, हे नाव दिले आहे. साखर गेली, आता साखरेची आठवण विकावयाची, असा हा क्रम आहे. त्यात निंद्य काही नाही. त्या भोजनगृहांत स्वयंपाक करणारे, वाढणारे आणि व्यवस्था पाहणारे बहुतेक लोक जुन्या गुलामांचे व गिरमिट्यांचेच वंशज आहेत. त्यांच्या चुली त्यावर पेटतात. आपण पाहुण्यांनी तेथे जेवू नये, असे सांगणे म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणे होईल.

प्रश्न जेवण्याचा नाही, सांगण्याचा आहे. बो प्लाँच्या संग्रहालयात गुलामगिरी आणि गिरमिट यांचा वृत्तान्त मांडलेला आहे. तेथे पाहुणा आधी तो पाहतो आणि मग जेवावयास बसतो. हा क्रम योग्य आहे. अमेरिकेत लुइझियाना प्रांतात मळ्यांचे अनेक वाडे असेच पाहुण्यांसाठी उघडे आहेत. त्यांपैकी व्हिटनी नावाच्या मळ्यावर २०१४ साली जे संग्रहालय उघडले, त्यात मालकाचा दिवाणखाना मुख्य नसून गुलामांची नावे मुख्य आहेत. मॉरिशसच्या राष्ट्रानेही आपल्या परीने हे काम केले आहे. फेब्रुवारीची पहिली तारीख आणि नोव्हेंबरची दुसरी तारीख या दोन्ही तेथे सार्वजनिक सुटीच्या आहेत. ज्या धक्क्यावर मजूर उतरले तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. गुलामगिरी व गिरमिट यांच्या परिणामांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या सत्य व न्याय आयोगाने २०११ साली आपला अहवाल दिला.

साहित्यात या दोन वह्या एकदा एकत्र आल्या, हेही येथे सांगितले पाहिजे. ‘युरेका’ वाड्याच्या ल क्लेझिओ घराण्यातील एक लेखक, जाँ-मारी ग्युस्ताव ल क्लेझिओ, यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हरवलेले मॉरिशस आणि पूर्वजांचे घर हा त्यांच्या लेखनाचा एक मोठा विषय आहे. दुसऱ्या बाजूला त्रिओले गावी १९३७ साली जन्मलेले अभिमन्यु अनत यांनी गिरमिट्यांच्या झोपड्यांची कथा ‘लाल पसीना’ या हिंदी कादंबरीत सांगितली. ती १९७७ साली प्रसिद्ध झाली. पुढे तिचे फ्रेंच भाषांतर निघाले, तेव्हा त्याला प्रस्तावना ल क्लेझिओ यांनी लिहिली. वाड्यातल्या माणसाने झोपडीच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहावी, याहून चांगला न्याय इतिहासाला साहित्याकडून क्वचितच मिळतो. दोघांनी एकमेकांची वही वाचली होती.

७

ज्या पानाला हजारो मैलांचा समुद्र आडवा आहे, त्याचा आमच्या करजगीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध उसाचा आहे. भीमेच्या खोऱ्यात आज ज्वारी-तुरीच्या रानांच्या मधून उसाचे हिरवे पट्टे दिसतात. दिवाळीच्या सुमारास कलबुर्गी, बीदर, विजयपूर या बाजूंच्या तांड्यांतून व वाड्यांतून आणि पलीकडे बीड, धाराशिव येथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम आधी उचल देतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. माणसे दोन आणि मोजणीत अवजार एक. आजारपणाने किंवा बाळंतपणाने एखादा दिवस काम चुकले तर ‘खाडा’ पडतो आणि त्याची भरपाई त्या जोडप्यालाच करावी लागते. हंगाम संपला तरी उचल फिटलेली असेलच असे नाही. फिटली नाही की पुढल्या हंगामाचा करार आपोआप झाला.

दुहेरी कपात आणि खाडा, गिरमिट आणि उचल, मॉरिशसचा सिरदार आणि आपला मुकादम, या जोड्या आम्ही एकच आहेत असे म्हणत नाही. आजच्या मजुराला काम सोडले म्हणून कायदा तुरुंगात टाकीत नाही, त्याला मत आहे, त्याचे गाव त्याच्या पाठीशी आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने साम्य दिसले की भेद विसरू नये. परंतु भेद सांगून झाल्यावर जे साम्य उरते, तेही लपवू नये. साखर गोड असली तरी तिच्या हिशेबात माणसाचा दिवस फार स्वस्त धरला जातो, हे साम्य पावणेदोनशे वर्षांनंतरही उरलेले आहे. शाळेच्या हजेरीपटावर ते आम्हांस दर वर्षी दिसते. पहिल्या सत्रात भरलेल्या बाकांपैकी काही दुसऱ्या सत्रात रिकामे होतात, आणि चैत्र-वैशाखात ती मुले परत येतात तेव्हा त्यांची पाढ्यांची उजळणी पहिल्यापासून करावी लागते.

म्हणून शिक्षकबंधूंना आमची एक विनंती आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत परदेशस्थ मराठी माणसाचा उल्लेख आला तर तो बहुधा विद्वान, व्यापारी किंवा अधिकारी यांचा असतो. त्यांच्या बरोबरीने गिरमिट घेऊन गेलेला मराठी कुणबीही शिकविला जावा. मॉरिशसच्या दप्तरांत मुंबई बंदरातून गेलेल्या माणसांची नावे आणि गावे आहेत. त्यांतील मराठी गावांच्या नावांची यादी तयार करणे, त्या गावांच्या शाळांना ती कळविणे, हे काम साहित्य परिषदेने मोक्याच्या संस्थेच्या साहाय्याने हाती घ्यावे. त्यास मोठा खर्च नाही. मोडी, रोमन लिपी आणि जुन्या इलाख्याचा भूगोल यांची जाण असलेली चार माणसे व काही वर्षांची चिकाटी हवी आहे. फ्रेंच किंवा इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले गावाचे नाव कोणते, हे ओळखावयास मराठी कानच लागतो. हे काम दुसरा कोणी आपल्यासाठी करू शकणार नाही.

ते झाले म्हणजे लाबूर्दोनेच्या किंवा युरेकाच्या ओसरीवर जेवावयास बसणाऱ्या मराठी पाहुण्याला समोरच्या ताटाची अधिक ओळख पटेल. त्याने जेवावे, वाढणाऱ्याची विचारपूस करावी, त्याचे पूर्वज कोणत्या बंदरातून आले हे त्याला विचारावे. आणि उत्तर ‘मुंबई’ असे आले, तर पुढचा प्रश्न कोणत्या गावाचा हे विचारण्याइतकी तयारी आपल्यापाशी असावी.